छापा कुठे पडतो, कुठे पडत नाही: रॉक संगीतातील पोलीस आणि हप्ता

रॉक संगीताचा नाद नसलेल्या माणसाला या संगीतातली एक गोष्ट हमखास बुचकळ्यात पाडते. प्रेम, विरह, एकटेपणा हे विषय समजू शकतात. पण इंग्लंड घ्या, मेक्सिको घ्या किंवा ऑस्ट्रेलिया घ्या, तिथल्या रॉक बँडच्या गाण्यांत कुठे ना कुठे पोलीस येतोच, आणि चांगल्या रूपात तो क्वचितच येतो. कायदे निराळे, भाषा निराळ्या, गणवेश निराळे. मग तक्रार एकच कशी? ‘पोरांना शिस्त नको असते, म्हणून पोलीस नको असतो’ हे उत्तर सोपे आहे, आणि ते अगदीच खोटे आहे असेही नाही. परंतु ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या राजधानीत, म्हणजे ब्रिस्बेनमध्ये, गेल्या शतकाच्या सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत जे घडले ते या उत्तरात मावत नाही. तिथे आधी गाणी आली, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी एका चौकशी आयोगाने शेकडो साक्षी नोंदवून पोलीस दल वरपासून किडलेले असल्याचे दाखवून दिले. म्हणून हा विषय समजून घेण्यासाठी तेच शहर निवडले आहे.

हप्ता देणारा नेमके काय विकत घेतो?

पदपथावरची एखादी टपरी डोळ्यांसमोर आणावी. नियमाप्रमाणे ती तिथे असायला नको. पण ती वर्षानुवर्षे तिथेच असते, कारण टपरीवाला ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम एका ठरलेल्या माणसाच्या हातावर ठेवतो. या पैशांतून त्याला कोणती वस्तू मिळत नाही, कोणती सेवाही मिळत नाही. त्याला मिळते ते दुर्लक्ष. नियम जागेवरच राहतो, तो मोडला जातो हे सर्वांना ठाऊक असते, फक्त त्याची अंमलबजावणी पुढच्या हप्त्यापर्यंत तहकूब होते. नियम रद्द झाला तर टपरीवाल्याचा फायदा होईल, पण हप्ता घेणाऱ्याचा धंदा त्याच दिवशी बसेल. म्हणून हप्ता खाणाऱ्याला कडक कायदा हवाच असतो. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवण्याची पोलिसाला जी मुभा असते, तिला कायद्याच्या भाषेत ‘विवेकाधिकार’ म्हणतात. ही मुभा मुळात वाईट नाही. प्रत्येक किरकोळ चुकीसाठी प्रत्येकाला कोठडीत टाकायचे ठरवले तर कोणतेही शहर चालणार नाही. अडचण येते ती या मुभेवर कोणाचीच नजर नसते तेव्हा. मग ती बाजारात विकायला ठेवता येते, आणि जो ती विकत घेऊ शकत नाही त्याच्यावर तीच मुभा काठी होऊन उगारता येते.

ब्रिस्बेनमधला ‘विनोद’

क्वीन्सलँडमध्ये १९६८ ते १९८७ अशी जवळजवळ वीस वर्षे जो ब्येल्के-पीटरसन हे मुख्यमंत्री होते. तिथे या पदाला ‘प्रीमियर’ म्हणतात. त्यांचे सरकार स्वतःला धार्मिक आणि नीतिमान म्हणवून घेत असे. जुगाराचे अड्डे बेकायदा, कुंटणखाने बेकायदा, आणि घोड्यांच्या शर्यतीवर मैदानाबाहेर खासगी बुकीकडे पैसे लावणेही बेकायदा. या शेवटच्या बुकींना तिथे ‘एसपी बुकी’ म्हणत. शर्यत सुटताना घोड्याचा जो भाव असेल त्या भावाने ते पैसे देत. आपल्याकडच्या मटक्याची आठवण यावी असाच तो व्यवहार होता: कायद्याने बंदी, आणि प्रत्यक्षात कोपऱ्याकोपऱ्यावर पेढी.

या सगळ्या बंदी असलेल्या धंद्यांवर लक्ष ठेवण्याचे काम पोलिसांच्या लायसन्सिंग ब्रँचकडे होते. त्या शाखेत हप्त्याची एक पद्धतशीर यंत्रणा उभी राहिली आणि तिच्यातले लोक तिला ‘द जोक’, म्हणजे ‘विनोद’, म्हणत. ‘अमुक अधिकारी विनोदात आहे का?’ असा प्रश्न विचारला की त्याचा अर्थ ‘तो पैसे घेतो का?’ असा समजायचा. वसुली आणि वाटपाचा कारभार जॅक हर्बर्ट या अधिकाऱ्याच्या हाती होता. मूळचा लंडनचा हा गृहस्थ १९५९ मध्ये त्या शाखेत आला. पुढे त्याने पोलीस दल सोडले, पण वसुली काही सोडली नाही, आणि यंत्रणा किती मुरलेली होती हे यावरूनच कळते. बुकी, कुंटणखान्यांचे मालक आणि जुगाराचे अड्डे चालवणारे पैसे देत, आणि त्या बदल्यात छापा पडत नसे, किंवा पडण्याआधी निरोप येत असे. फॉर्टिट्यूड व्हॅली या भागात विकहॅम स्ट्रीटवर चालणारा एक बेकायदा कॅसिनो शहरात कोणालाही सापडत असे. तो सापडत नसे फक्त पोलिसांना.

आत एक प्रामाणिक माणूस बसवला तर?

हा उपाय करून झाला होता. १९७० मध्ये रे व्हिट्रॉड यांना बाहेरून आणून पोलीस आयुक्त नेमण्यात आले. ते केंद्रीय पोलीस दलाचे आणि पापुआ न्यू गिनीच्या पोलिसांचे प्रमुख राहिलेले होते. त्यांनी शिक्षणावर आणि गुणवत्तेनुसार बढतीवर भर दिला, आणि दलातल्या जुन्या मंडळींशी त्यांचे वाजले.

१९७६ हे वर्ष निर्णायक ठरले. जुलैमध्ये विद्यार्थ्यांच्या एका मोर्चात पोलीस निरीक्षकाने एका तरुणीच्या डोक्यात दंडुका मारला. त्याची चौकशी होणार होती, ती मंत्रिमंडळाने थांबवली. ऑगस्टच्या अखेरीस राज्याच्या उत्तरेला, सीडर बे इथल्या हिप्पींच्या वस्तीवर पोलिसांनी धाड घातली आणि त्यांच्या झोपड्या जाळल्या. व्हिट्रॉड यांना त्याचीही चौकशी हवी होती आणि सरकारला ती नको होती. शेवटी चार्ल्व्हिल या दूरच्या गावी निरीक्षक असलेल्या टेरी लुईस यांना शंभराहून अधिक अधिकाऱ्यांना डावलून सहायक आयुक्त करण्यात आले. व्हिट्रॉड यांनी नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला, आणि लुईस त्यांच्या जागी आयुक्त झाले.

या घटनाक्रमात पैसा कुठेच दिसत नाही. दिसतो तो दंडुका आणि जळालेल्या झोपड्या. पण दंडुक्याची चौकशी होणार नाही याची ज्या दिवशी खात्री पटली, त्याच दिवशी पाकिटाची चौकशी होणार नाही याचीही खात्री पटली. दोन्ही गोष्टींना एकच कुलूप होते, आणि किल्ली एकाच ठिकाणी होती.

मग गिटारवाल्या पोरांचा यात संबंध काय?

त्याच १९७६ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेनच्या ‘द सेंट्स’ या बँडने आपली पहिली तबकडी स्वतःच्या खर्चाने काढली. इंग्लंडमधल्या नामवंत पंक बँडांच्या पहिल्या तबकड्या यायच्या होत्या. पंक म्हणजे रॉकचा तो प्रकार ज्यात वाद्यावरच्या हुकमतीपेक्षा वेग, आवाज आणि संताप यांना महत्त्व असते. सेंट्सचे ते गाणे पोलिसांवर नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. नंतरच्या लेखकांनी त्यात बरेच काही शोधले आहे. पण त्या बँडला वाजवायला जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी पेट्री टेरेसवरच्या आपल्या राहत्या घरालाच ‘क्लब ७६’ करून टाकले, आणि जागेचा हाच प्रश्न आपल्या विषयाच्या मुळाशी नेतो.

ओळखीच्या पबमध्ये पंक बँडला कोणी घेत नसे. मग एखादे सामाजिक सभागृह एका रात्रीपुरते भाड्याने घ्यायचे, दारात तिकिटे विकायची, आणि वाजवायला सुरुवात करायची. थोड्या वेळाने पोलीस येत. कारणे तयारच असत: आवाज मोठा आहे, कोणाच्या हातात बिअर आहे, कोणाचे वय कमी दिसते, कोणी शिवी दिली. शिवी दिली की नाही हे ठरवणारा कान पोलिसाचाच. दिवे लागत, गाणे अर्ध्यात तुटे, आणि दोन-चार पोरे गाडीत बसवली जात.

आता एक गंमत पाहावी. क्वीन्सलँडमध्ये १९३१ चा एक कायदा होता. त्याचे नाव ‘व्हेग्रंट्स, गेमिंग अँड अदर ऑफेन्सेस अ‍ॅक्ट’. भटके, जुगार आणि इतर गुन्हे असे सगळे एकाच गाठोड्यात बांधलेले. सार्वजनिक ठिकाणी शिवी दिल्याबद्दल अठरा वर्षांच्या पोराला धरायचा अधिकार ज्या कायद्यात होता, जुगाराच्या अड्ड्यावर धाड घालण्याचा अधिकारही त्याच कायद्यात होता. विकहॅम स्ट्रीटवर त्या कायद्याची पाने मिटलेली असत आणि भाड्याच्या सभागृहात ती उघडत. माझ्या मते ब्रिस्बेनच्या गाण्यांतला राग समजून घ्यायचा असेल तर कोणत्याही कडव्यापेक्षा या कायद्याचे नाव अधिक उपयोगी आहे.

सप्टेंबर १९७७ मध्ये सरकारने यावर कडी केली. मोर्चासाठी पोलिसांचा परवाना आधीपासूनच लागत असे. पण परवाना नाकारला तर दंडाधिकाऱ्याकडे अपील करता येई. ती वाट बंद करून अपील फक्त पोलीस आयुक्तांकडेच करण्याची तरतूद केली गेली. घरमालकाने भाडेकरूला घराबाहेर काढावे, आणि दाद मागायची झाली तर घरमालकाच्या थोरल्या भावाकडेच मागायला सांगावे, तसा हा प्रकार. मोर्चाचे दिवस संपले असे मुख्यमंत्र्यांनी जाहीरच केले. ऑक्टोबरमध्ये लोक तरीही रस्त्यावर उतरले तेव्हा एका दिवसात चारशेहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत वाजवणारे होते, ऐकणारे होते, आणि ‘फोर झेड झेड झेड’चे लोकही होते.

हे शेवटचे नाव एका आकाशवाणी केंद्राचे. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आवारातून डिसेंबर १९७५ मध्ये ते सुरू झाले. सरकारी नाही, व्यापारी नाही. विद्यार्थी आणि स्वयंसेवक ते चालवत. स्थानिक बँडांची गाणी तिथे वाजत आणि मोर्चांच्या बातम्याही तिथेच मिळत. ‘रेझर’ या बँडने १९७८ मध्ये पोलिसांच्या ‘टास्क फोर्स’ नावाच्या पथकावर, म्हणजे साध्या वेशात कार्यक्रमांत घुसणाऱ्या पोलिसांवर, गाणे केले. इंग्लंडच्या ‘द स्ट्रँगलर्स’नी १९७९ मध्ये थेट ब्येल्के-पीटरसन यांच्यावरच तबकडी काढली. आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘द पॅरामीटर्स’ या बँडचे, टोनी नाइप यांनी लिहिलेले ‘पिग सिटी’ हे गाणे आले. इंग्रजी बोलीत पोलिसाला ‘पिग’ म्हणजे डुक्कर म्हणून हिणवतात, तेव्हा शीर्षकाचा अर्थ वेगळा सांगायला नको. ते नाव पुढे शहरालाच चिकटले. दोन दशकांनंतर ब्रिस्बेनच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या अँड्र्यू स्टॅफर्ड यांनी आपल्या पुस्तकाला तेच नाव दिले.

पण या गाण्यांत लाच आहे कुठे?

चाणाक्ष वाचक हा आक्षेप घेणारच, आणि तो रास्त आहे. ब्रिस्बेनच्या गाण्यांत दंडुका आहे, पाळत आहे, साध्या वेशातला पोलीस आहे. हप्ता जवळजवळ नाही. हर्बर्टचे नाव त्या पोरांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ‘विनोद’ बंद दारांआड चाले, आणि त्यात पैसे देणारा व घेणारा दोघेही खूश असत. तक्रार करायला कोणी उरतच नसे.

याच्या उलट मेक्सिको. तिथल्या ‘मोलोतोव’ या बँडचे ‘गिम्मे द पॉवर’ हे गाणे १९९७ मधले. त्याची सुरुवातच, जनतेच्या पैशांवर जगणारे पोलीस त्याच जनतेकडून पैसे उकळतात, या तक्रारीने होते. तिथे १९२९ पासून एकच पक्ष सत्तेवर होता, तो २००० पर्यंत राहिला, आणि रस्त्यावर गाडी अडवून पैसे काढणारा वाहतूक पोलीस हा प्रत्येकाच्या अनुभवाचा भाग होता. स्पॅनिशमध्ये तिथे लाचेला ‘मोर्दिदा’, म्हणजे ‘चावा’, म्हणतात. मराठीत आपण पैसे ‘खातो’, मेक्सिकोत ‘चावा’ घेतात, आणि ब्रिस्बेनमध्ये त्याला ‘विनोद’ म्हणत. पहिले दोन शब्द ज्याचे पैसे गेले त्याच्या तोंडचे वाटतात आणि तिसरा ज्याच्या खिशात पैसे आले त्याच्या तोंडचा आहे. या फरकातच दोन प्रकारच्या भ्रष्टाचारांतले अंतर आले.

एका प्रकाराला खंडणी म्हणता येईल: पोलीस सामान्य माणसाला अडवतो आणि सुटकेचे पैसे घेतो. इथे भरडला जाणारा ओरडतो, म्हणून गाण्यात लाच उघड येते. दुसरा प्रकार संगनमताचा: बेकायदा धंदेवाला आणि पोलीस मिळून कायद्याला बाजूला सारतात. इथे ओरडणारा कोणी नसतो. पण या यंत्रणेला काम केल्याचे दाखवावे तर लागतेच, अटकेचे आकडे भरावे लागतात, नीतिमत्तेचा देखावा टिकवावा लागतो. मोठे मासे हिशेबात धरलेले असले की जाळे लहान माशांवर पडते: विद्यार्थी, आदिवासी, समलिंगी, हिप्पी आणि पंक. त्यांच्याकडे हप्ता देण्याइतके पैसे नव्हते आणि देण्याची इच्छाही नव्हती. त्यामुळे ब्रिस्बेनच्या गाण्यांत आपल्याला ऐकू येते ती हप्त्याची दुसरी बाजू. पैसे मोजल्याचा आवाज त्यात नाही, पण ज्यांनी मोजले नाहीत त्यांच्या वाट्याला काय आले ते पुरेपूर आहे.

सगळेच पोलीस तसे होते का?

नव्हते, आणि गाणी या बाबतीत अन्याय करतात हे मान्य करावे लागेल. ‘पिग’ हा शब्द व्हिट्रॉड यांना आणि लुईस यांना एकाच मापाने मोजतो. लायसन्सिंग ब्रँचमधूनच बाहेर पडलेले नायजेल पॉवेल यांनी आपल्याकडची माहिती पत्रकारांना दिली नसती तर पुढचे सारे घडले असते की नाही, शंकाच आहे. अडचण ही होती की प्रामाणिक पोलिसालाही सहकाऱ्याविरुद्ध बोलता येत नसे. चौकशी आयोगाने पुढे याला ‘पोलिसांची अलिखित संहिता’ म्हटले: आपल्या माणसाची चुगली करायची नाही. सोप्या भाषेत सांगायचे तर, एकत्र कुटुंबात थोरल्या काकांचे व्यसन सर्वांना ठाऊक असते आणि पाहुण्यांसमोर कोणीच बोलत नाही, तसे ते होते.

मग गाण्यांनी साधले काय?

लुईस यांना तुरुंगात गिटारने धाडले नाही. ते श्रेय पत्रकारितेचे. ‘कुरियर-मेल’ या दैनिकात फिल डिकी यांनी कुंटणखाने आणि अड्डे यांचा माग काढणाऱ्या बातम्या दिल्या. त्यानंतर ११ मे १९८७ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर ख्रिस मास्टर्स यांचा ‘द मूनलाइट स्टेट’ हा वृत्तपट प्रसारित झाला. मुख्यमंत्री तेव्हा राज्याबाहेर होते. त्यांच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या बिल गन यांनी चौकशी जाहीर केली. अध्यक्ष टोनी फिट्झजेराल्ड. काम सहा आठवड्यांत आटोपेल असा अंदाज होता. ते दोन वर्षे चालले आणि ३३९ साक्षीदार तपासले गेले. इंग्लंडला पळून गेलेला हर्बर्ट लंडनमध्ये पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार होऊन परतला. आपण वाटप कसे करत होतो हे त्याने सविस्तर सांगितले. १९८६ मध्ये ‘सर’ झालेले टेरी लुईस १९९१ मध्ये दोषी ठरले. त्यांना १४ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे तो किताबही काढून घेण्यात आला. सरकारी पैशांच्या गैरवापरासाठी काही माजी मंत्रीही तुरुंगात गेले. ब्येल्के-पीटरसन यांच्यावरच्या खोट्या साक्षीच्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. डिसेंबर १९८९ च्या निवडणुकीत ३२ वर्षांनी सत्तापालट झाला.

गाण्यांचे काम यापेक्षा लहान होते, पण ते दुसऱ्या कोणी केलेले नाही. ज्या काळात अधिकृत कागदावर सर्व काही ठीक होते त्या काळाची बिनसरकारी नोंद त्यांच्यात राहिली. पोलिसांच्या विशेष शाखेने राजकीय कार्यकर्त्यांवर ठेवलेल्या पाळतीच्या फायली १९८९ मध्ये नष्ट करण्यात आल्या. छोट्या बँडांच्या काही शे प्रतींच्या तबकड्या मात्र लोकांच्या कपाटांत टिकल्या. याची किंमतही होती. सेंट्स १९७७ मध्येच इंग्लंडला गेले, ‘द गो-बिट्वीन्स’सारखा गुणी बँडही पुढे लंडनला गेला, आणि शहरात राहिलेल्यांनी वर्षानुवर्षे अर्ध्यात तुटलेले कार्यक्रम पाहिले. जाचातून कला फुलते असे म्हणणाऱ्यांनी ही निघून गेलेल्यांची यादी जरूर पाहावी.

नंतर काय बदलले?

फिट्झजेराल्ड अहवालानंतर पोलिसांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र आयोग आला. वेश्याव्यवसायासाठी परवान्याची पद्धत १९९९ मध्ये आली आणि २०२४ पर्यंत राहिली, म्हणजे त्या काळात दुर्लक्ष विकत घेण्याऐवजी परवाना विकत घेता येऊ लागला. १९९२ च्या कायद्याने शांततेने एकत्र जमण्याचा हक्क मान्य केला आणि गाडी उलट फिरवली: मोर्चा अडवायचा असेल तर आता पोलिसांना दंडाधिकाऱ्यासमोर जावे लागते. लाच घेण्याची इच्छा कोणत्याही कायद्याने संपत नाही, आणि क्वीन्सलँडमध्येही ती संपलेली नाही. पण मुभेवर बाहेरची नजर आली की तिचा बाजारभाव उतरतो.

‘फोर झेड झेड झेड’ला डिसेंबर १९८८ मध्ये विद्यापीठातून हुसकावून लावण्यात आले. काही वर्षांनी त्या केंद्राने कम्युनिस्ट पक्षाची जुनी इमारत घेतली. ती आहे फॉर्टिट्यूड व्हॅलीत, पोलिसांना न सापडणारा कॅसिनो जिथे होता त्याच भागात. २००६ पासून व्हॅलीला संगीत आणि मनोरंजनाचे अधिकृत क्षेत्र ठरवण्यात आले आहे. तिथे नवी घरे बांधणाऱ्यानेच आवाज रोखणाऱ्या भिंती बांधायच्या असतात, आणि बँड किती जोरात वाजवू शकतो याची मर्यादा डेसिबलमध्ये लिहून दिलेली आहे.